खळेबागेचा तिवडा

माळव्यातल्या देवासला टेकरीच्या मागल्या अंगाला एक बाग आहे. पाहुण्याला बाग दाखवायला म्हणून तिथं नेलंत, तर पाहुणा विचारील, बाग कुठाय? दोन झोपाळे, त्यातला एक चार वर्षांपासून एकाच साखळीवर लोंबतो आहे. सिमेंटचे सहा बाक. कुंपणाला बोगनवेल, जी कुणी लावली नाही आणि कुणाला काढताही आली नाही. आणि मधोमध, जिथं शहाण्या बागांत कारंजं असतं किंवा कुणाचा तरी पुतळा, तिथं लाकडाचा एक खांब. पुरुषभर उंच, मांडीएवढा जाड, तव्यासारखा काळा. खांबाभोवती गोल रिंगण, आणि त्या रिंगणात गवताची काडी उगवत नाही.

रोज सकाळी सहाला या खांबाशी एक माणूस उकिडवा बसलेला असतो. एका हातात जवसाच्या तेलाची बाटली, दुसऱ्यात जुन्या धोतराचा बोळा. हे शालिग्राम मिस्त्री. वय सदुसष्ट, धंदा सुतारकी, स्वभाव लाकडासारखा. रेघेच्या बाजूनं गेलात तर मऊ, आडवं गेलात तर करवत मोडेल. मिस्त्री खांबाला तेल चोळतात आणि रिंगणाच्या बाहेरून सगळी कॉलनी गोल गोल फिरते. कुणाला साखर, कुणाला प्रेशर, कुणाच्या घरात नवी सून.

"काय मिस्त्री, आज किती तेल पाजलं खांबाला?" फिरणाऱ्यांतून कुणी तरी विचारतं.

"तुम्ही काल भज्यांतून पिऊन आलात त्याच्या निम्मं," मिस्त्री मान वर न करता सांगतात. "चला, पुढं चला. पात थांबवू नका."

पात म्हणजे बैलांची रांग. आणि त्या खांबाला म्हणतात तिवडा. हे आता सांगावं लागतं. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवायचा, त्याला बैल बांधायचे, बैल गोल फिरले की पायांखाली कणसं तुडवली जातात आणि दाणा सुटतो. ती मळणी. आज जिथं कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई रुग्णांना भात सोडायला सांगतात, तिथं हरभरा उभा असायचा. पाण्याच्या टाकीखाली ज्वारी. शाळेच्या बसा वळतात तिथं गहू. अकरा घरांची शेतं आणि अकरा घरांमिळून हे एक खळं. म्हणून बागेचं नाव खळेबाग. पुढं सोयाबीन आलं, थ्रेशर आलं, मग प्लॉट पडले. शेतं विकली गेली, खळं मात्र राहिलं.

ते का राहिलं याचीही गोष्ट आहे. देवासला एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि त्यांची सीमा गल्लीबोळांतून जात असे. म्हातारी माणसं सांगतात की ती बरोबर या खळ्यातून जाई. बैल एका फेरीत दोन राज्यं हिंडून येत आणि त्यांना कुणी परवाना विचारत नसे. थोरल्या पातीला वाटे खळं धाकटीचं, धाकटीला वाटे थोरलीचं. त्यामुळे ते कुणाच्याच दप्तरात चढलं नाही. ज्याचा कागद नाही ते विकता येत नाही, आणि विकता आलं नाही म्हणून उरलं.

तिवडा मिस्त्रींच्या आजोबांनी घडवलेला. त्यांचं घराणं दरबाराबरोबर दक्षिणेतून आलं, गाड्या आणि मेणे बनवायला. आजोबांनी धामनोदच्या खालच्या रानातून बैलगाडीवर घालून अंजनाचा ओंडका आणला. अंजन म्हणजे पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडणारं लाकूड. वाळवी त्याला तोंड लावते आणि दाताच्या डॉक्टरकडे जाते, असं मिस्त्री म्हणतात. गेल्या पंधरा वर्षांत बागेवाल्यांनी या रिंगणात तीनदा लॉन लावून पाहिली. तिन्ही वेळा आठ दिवसांत पिवळी पडली. इतकी वर्षं शेणानं सारवून, चोपून, बैलांनी तुडवून दगड झालेली जमीन ती. प्रत्येक वेळी मिस्त्री माळ्याला घरी बोलावून चहा पाजत. आनंदानं.

मिस्त्रींचं लग्नही इथंच लागलं. चैत्रात मळणी आटोपली की खळं रिकामं, सपाट, झाडलेलं. वैशाखातल्या लग्नांना आयता मांडव. त्या दिवशी वावटळ आली आणि मांडव उडून पार शाळेपर्यंत गेला. उभा राहिला फक्त तिवडा. मग अंतरपाटाचं एक टोक भटजींनी धरलं आणि दुसरं तिवड्याला बांधलं. मिस्त्रींच्या बायकोला सगळे माई म्हणतात. माई अजून सांगतात, "माझ्या लग्नात एका अंगाला भटजी होते आणि एका अंगाला खांब. त्यातल्या त्यात खांब समजूतदार."

तर असं सगळं सुखानं चाललं होतं. फाल्गुनात एका सकाळी उदाजीराव आले.

उदाजीराव जुन्या सरदार घराण्यातले. वॉर्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, त्यांच्या पत्नी, प्रियांकाबाई. सीट महिलांसाठी राखीव झाली तेव्हापासून उदाजीराव पार्षदपती. हे पद घटनेत नाही, पण त्यांच्या गाडीच्या काचेवर आहे. त्यांनी रिंगणाच्या काठाशी उभं राहून मोबाइल पुढं केला. पडद्यावर एक बाग होती. मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं, शेजारी माणसाएवढं लाल हृदय, आणि कमानीवर नाव, स्माइल पार्क.

"बघा मिस्त्री. अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "आणि हे?" त्यांनी तिवड्यावर हात ठेवला.

"ते काढावं लागेल ना. कारंजं तिथंच बसतंय."

"कारंजं बसतंय, म्हणून उभा असलेल्यानं उठायचं?"

"असं नका बोलू, मिस्त्री. जमाना बदलला. नव्या पोरांना विचारून बघा खळं म्हणजे काय. एकाला सांगता येणार नाही."

"तुमच्या पोराला पणजोबांचं नाव सांगता येतं?"

उदाजीराव घुटमळले. "नाही येत. मराठी कच्चं आहे त्याचं."

"मग त्यांनाही स्माइलराव म्हणा."

फिरणाऱ्यांची पात क्षणभर रेंगाळली. कुणी तरी खोकल्याच्या आडून हसलं. उदाजीरावांनी मोबाइल खिशात घातला. "तुम्ही अर्ज द्या," ते म्हणाले. "कागद असेल तर बघू."

मिस्त्रींनी नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, अर्ज दिला. माईंच्या सांगण्यावरून इस्त्रीचा सदरा घालून गेले. खिडकीतल्या बाबूनं अर्ज उलटासुलटा पाहिला. "बाबूजी, जमीन का कागज?"

मिस्त्रींनी त्याला दोन्ही पात्यांची गोष्ट सांगितली. बैल परवान्याशिवाय सीमा ओलांडत इथपर्यंत आल्यावर बाबूला इतकी मजा वाटली की त्यानं शेजारच्या टेबलावरच्या दोघांना ऐकायला बोलावलं. मिस्त्रींनी ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सगळ्यांनी वा म्हटलं. मग बाबूनं विचारलं, "और कागज?"

घरी आल्यावर मिस्त्रींनी सदरा खुंटीला टांगला. माईंनी पाणी दिलं. "काय झालं?"

"गोष्ट मंजूर झाली. खळं नामंजूर."

त्या आठवड्यात मिस्त्री तिवड्याला दिवसातून दोनदा तेल लावू लागले. माईंनी तेलाची दुसरी बाटली आणून ठेवली. नवरा स्वतःच्या फर्निचरच्या दुकानात दिवसभर प्लायवर सनमायका चिकटवतो, प्लायला लाकूड म्हणायची त्याला लाज वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या शहरात सुतार म्हणून बोट ठेवावं असं त्याच्या घराण्याचं एकच काम उरलं होतं, आणि ते त्या रिंगणात उभं होतं.

चूक केली ती उदाजीरावांनी, आणि तीही स्वतःच्या घरात बसून.

त्यांच्या अंकिताचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बायपासवरचं मॅरेज गार्डन, ड्रोन, हळदीला पिवळी छत्री, सगळं ठरलं होतं. उदाजीरावांच्या आई, भवानीबाई, वय एक्क्याऐंशी. त्यांनी यादी वाचून घेतली आणि विचारलं, "मुहूर्तमेढ कुठं रोवणार?"

"ते पॅकेजमध्ये आहे, आईसाहेब."

"पॅकेजात कुलदेवी येते का रे?"

उदाजीरावांनी यादीची घडी घातली.

"आपल्या घरची मेढ खळ्यावर. माझी तिथं, तुझी तिथं, अंकिताची तिथंच."

या वस्तीतली रीत अशी, की लग्नाच्या मेढीसाठी खड्डा खणायचा नाही. आंब्याचे टाळे लावलेली मेढ, पिवळ्या फडक्यात सुपारी आणि हळकुंड घालून, तिवड्यालाच बांधायची. बांधायचा मान सुताराचा. उदाजीरावांनी हिशेब केला. सकाळची पाच मिनिटं, आई खूश, काम पुढं चालू. ते हो म्हणाले. रीतीचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या ध्यानातून गेला. ज्या हातानं बांधली त्याच हातानं सोडायची. आणि सोडेपर्यंत तिला लोखंड लागता कामा नये.

मेढीच्या दिवशी सगळे रिंगणाबाहेर पायताणं काढून आत आले. फोटोग्राफर काढेना, तेव्हा मिस्त्री त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. मग त्यानंही बूट काढले. मोज्याला भोक होतं. भवानीबाई खुर्चीवर बसल्या. मिस्त्री दोर वळत होते तेव्हा त्यांनी त्यांना जवळ बोलावलं.

"शालिग्रामा, गाठ नीट मार हो. माझ्या वेळेला तुझ्या आज्यानं अशी मारली होती की सोडायला दोन दिवस लागले."

"किती घट्ट मारू, आईसाहेब?"

म्हाताऱ्या बाई समोरच्या कमानीवरच्या स्माइल पार्कच्या फलकाकडे पाहत होत्या. तो आदल्याच दिवशी लागला होता. "मला दिसत नाही फार," त्या म्हणाल्या. "तुझं तू बघ."

मिस्त्रींनी सात गाठी मारल्या.

लग्न थाटात झालं. पाचव्या दिवशी देवक उठवायचं, मेढ सोडायची. सुताराला नारळ, फेटा आणि पसाभर गहू द्यायचे. उदाजीराव ताट घेऊन खळ्यावर आले. मिस्त्री आले होते. हात मागे बांधून उभे होते.

"सोडा, मिस्त्री."

"नारळ राहू द्या, राजे. मी सोडणार नाही."

उदाजीराव हसले. त्यांना वाटलं, चेष्टा आहे. मग हसू ओसरलं. "म्हणजे?"

"म्हणजे ज्या दिवशी हा तिवडा राहील असं लिहून द्याल, त्या दिवशी सोडीन."

"लेकीच्या लग्नाचा खेळ करता?"

"लेक सुखात नांदते आहे, आई चामुंडा तिचं भलं करो. मेढ बांधलेली असली की लेकीचं काही वाईट होत नाही. वाईट होतं ते बांधलेली तोडली की. आणि तोडणारा मी नाही."

उदाजीराव जवळ आले. आवाज खाली आणला. "मिस्त्री, तुमच्या दुकानाचा ओटा दीड हात रस्त्यात आहे. मी आजवर बोललो नाही."

मिस्त्री सरळ दुकानावर गेले, घण काढला, आणि भर अकराच्या उन्हात स्वतःच्या दुकानाचा ओटा फोडायला लागले. बापानं बांधलेला ओटा. शेजारचा शिंपी धावत आला, "काय करताय भिया?" माई जेवणाचा डबा घेऊन आल्या त्या तिथंच उभ्या राहिल्या. दीड हात मोजून फोडून झाल्यावर मिस्त्रींनी घाम पुसला, खडी टोपलीत भरली आणि उदाजीरावांच्या फाटकाशी नेऊन ओतली.

"घ्या, राजे. आता माझं काहीच रस्त्यात नाही. पुढचं बोला."

त्या दिवसापासून दुकानात चढायला स्टूल ठेवावं लागलं. गिऱ्हाईक वर चढता चढता धडपडतं. माई म्हणतात, "बरंच झालं. आता खरंच काम असलेलीच माणसं येतात."

पुढच्या गुरुवारी सकाळी जेसीबी आला. सोबत ठेकेदार गोलू, चाळिशीचा, नावाला जागणारा देह, गळ्यात साखळी. मागे उदाजीराव. फिरणारी पात चालता चालता मंदावली. मिस्त्री तिवड्याशी बसले होते, तेलाची बाटली घेऊन, रोजच्यासारखे.

गोलूनं रिंगणाच्या काठाशी येऊन हात वर केला. यंत्र थांबलं. तो खांबाकडे बघत होता. फडकं उन्हानं फिकं पडलं होतं, टाळे वाळले होते, पण सातही गाठी जागच्या जागी.

"ये किसकी बंधी है, काका?"

"अंकिताची," मिस्त्री म्हणाले.

गोलूनं वळून उदाजीरावांकडे पाहिलं. "भिया, या तो थारी छोरी की है."

"अरे, रीतीचं आहे नुसतं. लग्न झालं ना. तू चालव."

गोलूनं चप्पल काढली, रिंगणात आला, फडक्याला हात न लावता वाकून पाहिलं आणि उलट्या पावली बाहेर गेला. "म्हारा से नी होय, भिया. म्हारी खुद की शादी की बी यांज बंधी थी. घरवाली के मालम पड्यो तो म्हने घर में नी घुसण देगी."

"गोलू, ठेका तुझा आहे."

"ठेको म्हारो है, पाप म्हारो नी." त्यानं ड्रायव्हरला हातानं खूण केली आणि यंत्र बंद झालं.

तेवढ्यात उदाजीरावांचा फोन वाजला. अंकिता इंदूरहून, सासरहून. कुणी तरी फिरता फिरता तिला फोटो पाठवला असणार. वॉकिंग ग्रुप काय कमी आहे का. फोन स्पीकरवर नव्हता, पण अंकिताला कधी त्याची गरज पडली नाही.

"पपा, मशीन लावलं तर मी आषाढात माहेरी येणार नाही. आजीला विचारा, मी बोलले तिच्याशी. आणि काकांना फोन द्या."

उदाजीरावांनी फोन दिला. न देऊन करतात काय.

"काका, सोडू नका हं," अंकिता म्हणाली.

"नाही सोडत, बाळ," मिस्त्री म्हणाले, आणि मग त्यांना नाक पुसावं लागलं. बोळा तेलाचा होता, त्यामुळे दिवसभर नाकाला जवसाचा वास येत राहिला.

पण खरा निकाल लागला तो दुपारी. प्रियांकाबाई स्वतः बागेत आल्या. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय. त्यांनी रिंगणाबाहेर सँडल काढले, तिवड्याला नमस्कार केला आणि उदाजीरावांच्या हातातली फाइल मागितली.

"सही माझी लागते ना?"

"लागते," उदाजीराव म्हणाले.

"मग मला वाचू द्या." त्या बाकावर बसून वाचत राहिल्या. बऱ्याच वेळानं विचारलं, "कारंजं इथंच हवं, असं कुणी लिहिलं?"

कुणीच लिहिलेलं नव्हतं. चित्रात तसं होतं, एवढंच. त्यांनी पेन काढलं, कारंजं मोडक्या झोपाळ्याच्या कोपऱ्यात नेलं, आणि खाली हिंदीत लिहिलं: मध्यभाग का कार्य एवं नाम परिवर्तन, पारंपरिक विधि पूर्ण होने तक स्थगित. मग वर बघून म्हणाल्या, "मिस्त्री, मला यात 'कायमचं' लिहिता येत नाही. विधी पूर्ण होईपर्यंत, एवढंच माझ्या हातात आहे."

"बास आहे," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं माझ्या हातात."

कमानीवरचा फलक उतरला. मिस्त्रींनी सागाच्या फळीवर स्वतःच्या हातानं अक्षरं कोरून नवा लावला: खळेबाग. सनमायका कुठंही नाही. आणि पुढच्या मुहूर्ताला एका घरची मेढ बांधली गेली, मग दुसऱ्या घरची, मग मराठीचा गंध नसलेल्या एका सिंधी घरची. मिस्त्री सगळ्यांच्या बांधतात. सोडत एकाचीही नाहीत. आता तिवड्याचा निम्मा अंजन फडक्यांनी झाकून गेला आहे आणि तेल लावायला फट शोधावी लागते.

पावसाळ्यानंतर निगमचा एक नवा इंजिनिअर फाइल घेऊन आला. तरुण, सभ्य, भोपाळचा. सकाळची वेळ होती. पात रोजच्यासारखी फिरत होती आणि तिच्यात सगळ्यात मागे, धापा टाकत, शुगर वाढलेले उदाजीराव.

"बाबूजी," इंजिनिअरनं विचारलं, "इसमें लिखा है विधि पूर्ण होने तक. कब पूर्ण होगी? मुझे तारीख भरनी है."

मिस्त्रींनी बोळा तेलात बुडवला. भोवती फिरणाऱ्या माणसांकडे बोट केलं. गोल, गोल, एकामागे एक.

"मळणी चाललीय ना, साहेब," ते म्हणाले. "बैल फिरत असताना तिवडा कोण उपटतं? बैल थांबले की या."

"मिस्त्री," मागून उदाजीरावांचा धापा टाकणारा आवाज आला, "बैल कुणाला म्हणता?"

"चला, राजे, पुढं चला. पात थांबवू नका."